चौदा जुलै, म्हणजे तीन प्रकारच्या दारूचा सण

आमच्या सासूबाई पहिल्यांदा पॅरिसला आल्या तेव्हा नेमका जुलै होता, आणि तेरा तारखेला रात्री दहाच्या सुमारास गल्लीच्या टोकाला असलेल्या फायर स्टेशनातून ढणाढणा गाणी ऐकू यायला लागली तशा त्या खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, बंबवाल्यांकडे लग्न आहे का कुणाचं?" मी म्हटलं नाही आई, उद्या ह्यांचा राष्ट्रीय सण आहे. "म्हणजे आपला पंधरा ऑगस्ट?" हो, तसंच काहीतरी. "मग हे कुणापासून स्वतंत्र झाले?"

इथे माझी गाडी अडकली. कारण फ्रेंच लोक कुणापासून स्वतंत्र झालेच नाहीत, ते स्वतःच्याच राजावर चिडले होते. आणि चौदा जुलैला नक्की कुठली घटना साजरी करायची हे त्यांच्या कायद्यातसुद्धा लिहिलेलं नाहीये. खोटं वाटेल पण खरंय. तर आईंना जे रात्री बारापर्यंत समजावलं तेच इथे लिहितेय, थोडं नीट करून.

पहिलं म्हणजे नाव. आपण सगळे "बॅस्टिल डे" म्हणतो, ते इंग्रजी बोलणाऱ्यांनी ठेवलेलं नाव आहे. फ्रेंच माणसाला तुम्ही "हॅपी बॅस्टिल डे" म्हणालात तर तो तुमच्याकडे असा बघेल की जणू तुम्ही त्याला "हॅपी शनिवारवाडा" म्हणालात. ते नुसतं "ल कातोर्झ ज्युईये" म्हणतात, म्हणजे चौदा जुलै, संपलं. सरकारी भाषेत राष्ट्रीय सण. शुभेच्छा देण्याची तर पद्धतच नाही फारशी, त्या दिवसांत सगळे एकमेकांना एकच गोष्ट म्हणतात, "सुट्टी छान घालवा".

आता १७८९. शाळेत आपण शिकलो की पॅरिसच्या जनतेने बॅस्टिलच्या किल्ल्यातला तुरुंग फोडून कैद्यांना मुक्त केलं. डोळ्यांसमोर काय चित्र येतं, की अंधारकोठडीत शेकडो क्रांतिकारक साखळदंडात आहेत आणि जनता त्यांना सोडवायला धावली. प्रत्यक्षात आत किती कैदी होते माहितीये? सात. त्यातले चार जण खोट्या हुंड्या करणारे, दोन वेडे, आणि एक सरदारपुत्र ज्याला त्याच्याच घरच्यांनी सांगून आत टाकायला लावलं होतं. आठवा एक मोठ्या नावाचा कैदी होता, मार्की द साद, पुढे बदनाम झालेला लेखक, पण तो खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांना ओरडून ओरडून सांगायचा की आत कैद्यांना मारतायत, म्हणून वैतागून त्याला दहाच दिवस आधी दुसरीकडे हलवलेलं. बिचाऱ्याची क्रांती दहा दिवसांनी हुकली. सुटलेल्या सात जणांची मिरवणूक वगैरे निघाली, मग लक्षात आलं की खोट्या हुंड्यावाले परत पकडायला हवेत आणि वेड्यांना वेड्यांच्या इस्पितळात पोचवायला हवं. डोंगर पोखरून उंदीर काढणे, म्हणतो ना आपण, तर हा तो डोंगर.

पण मुद्दा असा की लोक कैद्यांसाठी गेलेच नव्हते. ते गेले होते दारूसाठी.

आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हटलं बंदुकीची दारू हो! त्या वर्षी पाव भयंकर महागलेला, राजा सोळावा लुई व्हर्सायला बसलेला, पॅरिसभोवती सैन्य गोळा होत होतं, आणि ११ जुलैला राजाने नेकर नावाच्या लोकप्रिय अर्थमंत्र्याला काढून टाकलं. लोकांना वाटलं आता आपल्यावर हल्ला होणार. म्हणून चौदा तारखेला सकाळी ते अँव्हालिद नावाच्या इमारतीत घुसले, ही जखमी म्हाताऱ्या सैनिकांसाठी बांधलेली, तिथून हजारो बंदुका उचलल्या. बंदुका मिळाल्या पण दारू नाही, आणि दारूची पिंपं होती बॅस्टिलमध्ये. म्हणजे हे असं झालं की गॅसची शेगडी आणली पण सिलिंडर शेजारच्या वाड्यात. मग गेले शेजारच्या वाड्यात. दिवसभर बोलणी, गोंधळ, गोळीबार, हल्ला करणाऱ्यांपैकी शंभरच्या आसपास लोक मेले, किल्लेदार द लोने शरण आला आणि जमावाने त्याचं डोकं भाल्यावर लावून गावभर फिरवलं. हा भाग मात्र विनोदी नाही. तिकडे राजाने आपल्या डायरीत त्या दिवशी एकच शब्द लिहिला, "काही नाही". ह्यावरून लोक त्याला दोनशे वर्षं हसतायत, पण खरं सांगायचं तर ती त्याची शिकारीची डायरी होती, त्या दिवशी शिकार मिळाली नाही एवढाच अर्थ. मला त्याची थोडी दयाच येते, आपण किराण्याच्या वहीत "आज काही आणलं नाही" लिहावं आणि नेमकं त्या दिवशी राज्य जावं.

आणि गंमत म्हणजे हा बॅस्टिल पाडायचा विचार सरकारदरबारी आधीपासून होता, कैदी कमी आणि खर्च जास्त म्हणून. जनतेने फुकटात काम केलं. अगदी फुकटात पण नाही, कारण इथे प्रवेश होतो पालोआ नावाच्या कंत्राटदाराचा. मला ह्या सगळ्या क्रांतीतला सगळ्यात आवडता माणूस हाच. किल्ला पडला, लगेच हा शेकडो मजूर घेऊन हजर, पाडकाम सुरू. आणि मग त्या दगडांतून त्याने बॅस्टिलच्या छोट्या छोट्या प्रतिकृती कोरून घेतल्या आणि फ्रान्सच्या प्रत्येक जिल्ह्याला एकेक पाठवून दिली, साखळदंडांची पदकं केली, म्हणजे क्रांती ताजी असतानाच स्मृतिचिन्हांचं दुकान. किल्ल्याची एक चावी लाफायेत नावाच्या फ्रेंच सेनानीने अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनला भेट पाठवली, ती अजून त्याच्या घरी माउंट व्हर्ननला भिंतीवर आहे. उरलेले बरेच दगड सेन नदीवरच्या कॉन्कॉर्द पुलात घातले. हा पूल लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

परिणाम असा झालाय की पर्यटक बॅस्टिल चौकात येतात, फोन काढतात, आणि बॅस्टिल शोधत गोल गोल फिरतात. नाहीच आहे. मेट्रोच्या पाच नंबर लाइनच्या फलाटावर पायाचे थोडे दगड दिसतात, आणि थोडं लांब एका छोट्या बागेत एका बुरुजाचा तळ आणून ठेवलाय, झालं. चौकात मधोमध जो उंच खांब आहे सोनेरी पुतळ्याचा, तो १७८९ चा नव्हेच, तो १८३० च्या जुलैमध्ये झालेल्या वेगळ्या क्रांतीचा. ह्या लोकांनी जुलैमध्येच एवढ्या क्रांत्या केल्यात की आपल्याला वाटावं हापूस संपला की ह्यांचा क्रांतीचा सीझन सुरू होतो. आणि चौकात जो मोठा ऑपेरा आहे त्याचं उद्घाटन १३ जुलै १९८९ ला झालं, क्रांतीच्या दोनशे वर्षांनिमित्त, नवीकोरी इमारत, आणि काही वर्षांतच तिच्या भिंतीवरच्या दगडी फरशा निसटून पडायला लागल्या म्हणून कित्येक वर्षं जाळ्या बांधून ठेवाव्या लागल्या. जुनी इमारत पाडायला शेकडो मजूर लागले, नवीन आपली आपणच पडायला निघाली.

बरं, आता गुंतागुंतीचा भाग. चौदा जुलै दोन आहेत.

एक १७८९ चा, वर सांगितला तो. दुसरा बरोब्बर एक वर्षाने, १७९०. त्या वर्षी ठरलं की झालं ते झालं, आता सगळा देश मिळून एकोप्याचा मोठा समारंभ करू. जागा ठरली शाँ द मार्स, जिथे आज आयफेल टॉवर उभा आहे. मैदान तयार करायचं काम वेळेत होईना, कंत्राटी कामं तेव्हापण अशीच, तेव्हा पॅरिसचे लोक स्वतः फावडी आणि एकचाकी हातगाड्या घेऊन माती उपसायला आले, उंची कपड्यातल्या बायका, पाद्री, दुकानदार, सगळे, राजानेपण येऊन दोन फावडी मारली असं सांगतात. आणि कार्यक्रमाच्या दिवशी धो धो पाऊस. लाखो लोक चिखलात. तालेराँ नावाच्या बिशपने प्रार्थना चालवली, हा इतका बेरकी माणूस की शेजारून जाणाऱ्या लाफायेतला म्हणाला म्हणे, बाबा मला हसवू नकोस. राजाने राज्यघटनेशी इमान राखण्याची शपथ घेतली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मिठ्या मारल्या. अडीच वर्षांनी त्याच राजाचं मुंडकं उडवलं. पण त्या दिवशी सगळं छान होतं.

मग मध्ये नव्वद वर्षं गेली. नेपोलियन आला, गेला, परत आला, राजे परत आले, गेले, अजून एक नेपोलियन, मग प्रशियाकडून, म्हणजे तेव्हाच्या एका जर्मन राज्याकडून, मार खाल्ला, आणि १८८० मध्ये पार्लमेंटात प्रश्न आला की प्रजासत्ताकाला एक सण पाहिजे, तारीख कुठली घ्यायची. तारखा खूप होत्या पण प्रत्येक तारखेला कुणी ना कुणी कुणाला तरी मारलेलं. बेंजामिन रास्पाय नावाच्या खासदाराने चौदा जुलै सुचवला. डावे खूश, की किल्ला फोडला तो दिवस. उजवे तोंड वाकडं करून बसले, की भाल्यावर डोकं नाचवलं तो दिवस सण म्हणून साजरा करायचा? तेव्हा सिनेटमध्ये इतिहासकार आंरी मार्ताँ ह्यांनी तोड काढली, की अहो १७८९ चा नको असेल तर १७९० चा धरा की, त्या दिवशी रक्ताचा थेंब सांडला नव्हता. आणि कायदा झाला एका वाक्याचा, की प्रजासत्ताक चौदा जुलै हा वार्षिक राष्ट्रीय सण म्हणून स्वीकारत आहे. साल? साल लिहिलंच नाही! ज्याला जे धरायचं ते धरा.

मला हे फार आवडतं. आपल्याकडे दोन भावांमध्ये वाद असला की आजी म्हणते ना, "अरे दोघांचंही बरोबर आहे, आता जेवायला बसा", तसा हा कायदा आहे. आजही फ्रेंच माणसाला विचारा, दहातले बरेच जण बॅस्टिल म्हणतील, आणि मग एक तरी मास्तर टाइप माणूस बोट वर करून म्हणेल की वास्तविक पाहता १७९०. हा माणूस प्रत्येक पार्टीत असतो. आमच्याकडे तो खालच्या मजल्यावर राहतो.

सैन्याची परेडपण त्या १८८० मधूनच आलीये. कारण प्रशियाशी झालेल्या लढाईत सैन्याची लाज गेलेली, ती भरून काढायला पहिल्याच सणाला लाँगशाँच्या रेसकोर्सवर राष्ट्राध्यक्षांनी पलटणींना नवे झेंडे वाटले. राष्ट्राध्यक्षांचं नाव ज्यूल ग्रेव्ही. खरंच ग्रेव्ही, मी काही करू शकत नाही. शाँझेलिझेवर, म्हणजे पॅरिसच्या त्या प्रसिद्ध रुंद रस्त्यावर, परेड पुढे पहिलं महायुद्ध जिंकल्यावर, १९१९ च्या विजय संचलनानंतर रुळली. म्हणजे विचार करा, लोकांनी सैन्याला न जुमानता किल्ला फोडला त्याची आठवण म्हणून सैन्याची परेड. मी हे शेजारच्या फ्रेंच आजींना बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मग? सैन्य आता आमचं आहे ना." ह्यावर मला उत्तर सुचलं नाही.

परेड आम्ही टीव्हीवर बघितली, प्रत्यक्ष जायचं तर पहाटेपासून जाऊन लोकांच्या मानांच्या फटीतून घोड्यांच्या शेपट्या बघायच्या असतात. सकाळी राष्ट्राध्यक्ष उघड्या लष्करी गाडीत उभे राहून शाँझेलिझेवरून खाली येतात, मागेपुढे घोडदळ, चकाकणारी शिरस्त्राणं, आणि मंडपात जाऊन बसतात. आईंनी विचारलं, "राजा घालवला म्हणतेस, मग हा कोण?" मी म्हटलं आई, हा पाच वर्षांचा राजा आहे. पण ते बसतात कुठे हे महत्त्वाचं. मंडप असतो कॉन्कॉर्द चौकात. ह्याच चौकात २१ जानेवारी १७९३ ला सोळाव्या लुईला गिलोटिनवर चढवलं. आणि त्याच चौकातून तो बॅस्टिलच्या दगडांचा पूल निघतो. मला जर कुणी दरवर्षी ह्या जागी खुर्ची टाकून बसवलं असतं तर मी तरी जरा जपूनच कारभार केला असता.

परेडमध्ये पुढे असतात पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, म्हणजे इंजिनियर पोरंपोरी, डोक्यावर नेपोलियनसारखी दोन टोकांची टोपी आणि कमरेला तलवार. आईंचं मत, "आपल्या चिन्मयला पण इंजिनियरिंगला अशी टोपी दिली असती तर चारी वर्षं कॉलेजला तरी गेला असता". आणि पायी चालणाऱ्यांत सगळ्यात शेवटी येते फॉरेन लीजन. बाकी सैन्य मिनिटाला १२० पावलं टाकतं, ही मंडळी ८८. आपल्याच तंद्रीत, कुणाच्या बापाची घाई नाही. लीजनमध्ये जगभरातले परदेशी भरती होतात, आणि त्यांच्या पुढच्या तुकडीला लांब दाढ्या, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत चामड्याचा एप्रन आणि खांद्यावर कुऱ्हाड. आई पुढे सरसावल्या, "हे लाकूडतोडे कशाला आणलेत?" पूर्वी सैन्याला वाट मोकळी करून देणारे सैनिक असायचे, त्यांचा हा वेश. आणि त्यांचं संचलनगीत काय असावं? बुदाँ. बुदाँ म्हणजे रक्ताचं सॉसेज, आपल्याकडे रक्ती करतात तसली पण आतड्यात भरलेली. गाण्याचा मतितार्थ, सॉसेज ह्यांना आहे, त्यांना आहे, बेल्जियनांना नाही. जगातली सगळ्यात भीतीदायक पलटण राष्ट्राध्यक्षांसमोरून सॉसेजच्या वाटपाबद्दल गात जाते आणि सगळे ताठ उभे राहून ऐकतात.

त्यापेक्षा राष्ट्रगीतच घाबरवणारं आहे. मार्सेयेझ, १७९२ मध्ये स्ट्रासबुर्गला लढाईचं गाणं म्हणून लिहिलेलं, ज्यात शत्रूच्या अशुद्ध रक्ताने आमच्या शेताच्या सऱ्या भिजू देत असं म्हटलंय, आणि हे चार वर्षांची गोड गोड पोरं हातात कागदी झेंडा घेऊन म्हणतात. जिस्कार द'एस्ताँ राष्ट्राध्यक्ष असताना त्यांना वाटलं की गाणं फार आक्रमक आहे, तर त्यांनी त्याची लयच कमी करायला लावली. पुढच्याने परत वाढवली.

परेडमध्ये चुका झाल्या की फ्रेंच लोकांना मनापासून बरं वाटतं, हे माझं निरीक्षण आहे. डोक्यावरून नऊ विमानं निळा-पांढरा-लाल धूर सोडत जातात, तर २०१८ मध्ये एका विमानाने निळ्याच्या जागी लाल सोडला. वर आकाशात झेंड्याचं असं झालं आणि खाली राष्ट्राध्यक्षांच्या मंडपापुढे दोन मोटरसायकलवाले पोलीस एकमेकांवर आपटून पडले. आमच्या ऑफिसात त्यानंतर आठवडाभर जो आनंद होता तो मी त्या लोकांत नंतर फक्त फुटबॉल वर्ल्डकप जिंकल्यावर पाहिला, आणि वर्ल्डकप तर दुसऱ्याच दिवशी जिंकले.

पाहुणे बोलवायचीपण पद्धत आहे. २०१७ ला ट्रम्पतात्या आले होते, त्यांच्यासमोर लष्करी बँडने डॅफ्ट पंकची डिस्को गाणी वाजवली, मॅक्राँ खुशीत डोलतायत आणि हे दगडासारखे बसलेत, पण परेड इतकी आवडली की घरी जाऊन म्हणाले मलापण अशीच पाहिजे. २०२३ ला मोदी होते, आपल्या तिन्ही दलांची तुकडी चालली. आणि त्याआधी २००९ ला मनमोहन सिंग पाहुणे असताना जी आपली तुकडी गेली होती, सुमारे ४०० जणांची, तिच्यात कोण होतं? मराठा लाइट इन्फन्ट्री! शाँझेलिझेवर! हे सांगितल्यावर आई सोफ्यावर ताठ बसल्या, कारण त्यांचे चुलतभाऊ बेळगावला त्याच पलटणीत होते. "मग हे आधी सांगायचंस की गं, मी मघापासून भाजी निवडत काय बघतेय." भाजी बाजूला ठेवून उरलेली परेड बघितली.

आता त्या फायर स्टेशनकडे येते, कारण माझ्या मते खरा सण तिथे आहे. तेरा आणि चौदा जुलैच्या रात्री फ्रान्समधली कितीतरी फायर स्टेशनं आपली दारं उघडतात, बंब बाहेर काढून लावतात, अंगणात डीजे, दिव्यांच्या माळा, बिअर, आणि पहाटे चारपर्यंत नाच. ह्याला म्हणतात बंबवाल्यांचा नाच. सांगतात असं की १९३७ च्या चौदा जुलैला मोंमार्त्रच्या फायर स्टेशनातले जवान परेड करून परत येत होते तर लोक त्यांच्या मागे मागे आले, ह्यांनी दार लावलं नाही, लोक आत आले, आणि नाच सुरू झाला. दाराशी एक पिंप ठेवलेलं असतं, त्यात ज्याला जमेल तितके पैसे टाकायचे. रांग पार पुढच्या चौकापर्यंत, आणि रांगेत बायकांची संख्या का जास्त ह्याचं उत्तर मी आईंना दिलं नाही. त्यांनी खिडकीतून स्वतःच बघून घेतलं. "तब्येती बऱ्या आहेत पोरांच्या," एवढंच म्हणाल्या.

ह्यातली मजा बघा. पॅरिसचे बंबवाले सैन्यात मोडतात, कारण नेपोलियनने १८११ मध्ये त्यांची लष्करी बटालियन केली. का केली? कारण १८१० मध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताने नेपोलियनच्या लग्नानिमित्त नाचाची पार्टी दिली होती, तिथे आग लागली, माणसं मेली, आणि तेव्हाचे आग विझवणारे अगदीच कुचकामी निघाले. म्हणजे नाचाच्या पार्टीला आग लागली म्हणून जी पलटण जन्माला आली तीच आता नाचाच्या पार्ट्या ठेवते. निदान विझवायला कुणी नाही अशी तक्रार कुणी करणार नाही.

दुसऱ्या प्रकारची दारू म्हणजे शोभेची दारू. आयफेल टॉवरवर रात्री अकराला आतषबाजी. अकराच का, तर जुलैत पॅरिसमध्ये सूर्यच पावणेदहा-दहाला मावळतो, आणि त्याच्यापुढे अंधार पडायला अजून तास. लहान पोरं संध्याकाळी सातपासून विचारतात झालं का, झालं का, आणि नेमकी पहिला बाण उडताना झोपलेली असतात. आमची कन्या सलग तीन वर्षं झोपली. शाँ द मार्सवर लोक दुपारपासून सतरंज्या टाकून जागा धरतात, आणि परत येताना मेट्रोची गर्दी म्हणजे विसर्जन आटपून लक्ष्मी रोडवरून घरी जाणं, फक्त ढोल नाहीत. बरीच छोटी गावं आतषबाजी तेरा तारखेलाच उरकतात, शेजारच्या मोठ्या गावाशी टक्कर नको म्हणून. २०१६ च्या चौदा जुलैला नीस शहरात आतषबाजी बघून परतणाऱ्या गर्दीत एका माणसाने ट्रक घातला आणि ८६ माणसं गेली, तेव्हापासून सगळीकडे सिमेंटचे ठोकळे आणि पिशव्यांची तपासणी असते, आणि लोक तरीही सतरंजी घेऊन जातात.

तिसरी दारू कुठली ते कळलंच असेल. गावाकडे खरा रंग तिचा. फ्रान्समध्ये जवळपास ३५ हजार गावं-शहरं आहेत आणि प्रत्येकाला आपला महापौर, मग गाव दोनशे डोक्यांचं का असेना. आम्ही एकदा मैत्रिणीच्या गावी होतो चौदा जुलैला. महापौर, एरवी ट्रॅक्टर चालवतात, तिरंगी पट्टा लावून युद्धस्मारकासमोर उभे, पुष्पचक्र वाहिलं, स्पीकरवर मार्सेयेझ अर्ध्यात अडकलं, परत पहिल्यापासून लावलं, मग भाषण, भाषणात रस्त्याच्या डांबरीकरणाचा उल्लेख, आणि मग महापौर म्हणाले की आता गावातर्फे सन्मानाची वाइन. हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत स्मारकासमोर पुष्पचक्राशिवाय कुणी उरलं नव्हतं. नंतर पेताँकच्या स्पर्धा, म्हणजे लोखंडी गोळे टाकतात तो खेळ, ज्यात दोन आजोबा इंचपट्टी घेऊन अर्धा तास भांडतात, रात्री लांबच लांब टेबलं लावून शिंपले आणि बटाट्याचे तळलेले काप, अकॉर्डियन, आणि ऐंशीच्या आजी सगळ्यांपेक्षा छान नाचतात. त्या संध्याकाळी १७८९ की १७९० हा प्रश्न कुणीही काढला नाही, खालच्या मजल्यावरचा तो माणूस आमच्याबरोबर नव्हता.

बाकी उरला सुट्टीचा हिशोब, जो फ्रेंच माणूस मनात वर्षभर करत असतो. कायद्याने पगारी सक्तीची सुट्टी फक्त एक मेला, चौदा जुलै सार्वजनिक सुट्टी असली तरी मालक कामावर बोलवू शकतो. पण सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी आली की मधला सोमवार किंवा शुक्रवार टाकून चार दिवस करायचे, ह्याला ते "पूल बांधणे" म्हणतात. २०२६ चा चौदा जुलै मंगळवारी आहे, म्हणजे पूल पक्का. रविवारी आला तर राष्ट्रीय शोक. आणि पूल बांधला की सगळा देश एकाच वेळी दक्षिणेच्या हायवेवर, मग सरकारची एक सेवा सांगते की कुठल्या दिवशी रस्ता हिरवा, केशरी, लाल की काळा, आणि त्या सरकारी सेवेचं अधिकृत नाव आहे "हुशार गवा". गवा म्हणतो आज निघू नका, तरी सगळे निघतात, कारण प्रत्येकाला वाटतं की बाकीचे गव्याचं ऐकतील.

पंधरा तारखेला सकाळी आई म्हणाल्या तो लांब पाव आण गं, आज चहाबरोबर खाऊ. गेले. आमच्या बेकरीला कागद लावलेला, वीस ऑगस्टपर्यंत बंद, सुट्टी छान घालवा. पुढच्या चौकातली बेकरी, बंद. पूर्वी असं चालायचं नाही बरं का, पॅरिसमध्ये क्रांतीच्या काळापासून नियम होता की सगळ्या बेकऱ्या एकदम बंद ठेवायच्या नाहीत, अर्ध्यांनी जुलैत सुट्टी घ्यायची, अर्ध्यांनी ऑगस्टमध्ये, न जाणो पाव मिळाला नाही तर लोक परत काही फोडायला निघायचे. हा नियम २०१५ च्या उन्हाळ्यापासून उठला आणि आता ज्याला जेव्हा हवं तेव्हा तो जातो. मी हात हलवत परत आले आणि आईंना हे सगळं सांगितलं.

"म्हणजे पावासाठी एवढी क्रांती केली आणि पाववालाच सुट्टीवर?"

हो आई.

"बरं. कणीक मळ."